दुपारी गार राहणारं जुनं घर, रात्री तापणारं नवीन घर. भिंत जाड केली की झालं का?

बार्शीकडचा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गावाकडे आमची एकाच आवारात दोन घरं आहेत. एक पणजोबांच्या काळातलं माळवदाचं, दगड-मातीच्या भिंती दोन फुटांच्या वर जाड, खिडक्या नावापुरत्या, वर लाकडी सर, फळ्या आणि त्यावर फूटभर माती. दुसरं आम्ही बांधलेलं, आरसीसी कॉलम, ९ इंची विटेची भिंत, ५ इंची स्लॅब, वर कोबा, मोठ्या स्लायडिंग खिडक्या. एसी नाही, आई-अण्णांना तो सोसत पण नाही आणि वीज किती वेळ असते ते सगळ्यांना माहितीच आहे.

आता मे महिन्यात दोन्ही घरांत साधे डिजिटल थर्मामीटर लावून ठेवले. आकडे असे येतायत, रोज थोडे इकडेतिकडे पण साधारण हेच. दुपारी ४ ला बाहेर सावलीत ४१, जुन्या घरात ३२, नव्यात ३६. रात्री ११ ला बाहेर ३१, जुन्यात ३२.५, नव्यात ३६.५. पहाटे ५ ला बाहेर २६, जुन्यात ३१, नव्यात ३३.

म्हणजे बघा, रात्री ११ ला बाहेर चांगलं गार वारं सुटलेलं असतं आणि नव्या घरात दुपारपेक्षा जास्त गरम! हे काय गणित आहे? यूट्यूबवर थर्मल मास थर्मल मास म्हणून बरंच ऐकलं, जाड भिंत उष्णता धरून ठेवते वगैरे. पण मग धरून ठेवते ते चांगलं का वाईट? नव्या घरातही विटा आणि काँक्रीट आहेच की, ते काय कमी जड आहे?

आता त्यावर एक मजला चढवायचाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सिपोरेक्स ब्लॉक (ते सच्छिद्र सिमेंटचे) वापरा, हलके पडतात, चुलतभाऊ म्हणतो खुळा का काय, १८ इंची भिंत घाल, पणजोबांचं घर बघ. कोणाचं ऐकू?

मिरचीभजी

एसी लावा आणि मोकळे व्हा. 😄

नऊइंची

@मिरचीभजी, वरती लिहिलंय की नको म्हणून.

बार्शीकर, तुमचे आकडे एकदम बरोबर आहेत, साइटवर हेच बघत आलोय. तुमचा प्रॉब्लेम भिंत नाही, स्लॅब आहे. आपल्या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस पेपरात येतो बघा, तोच. म्हणजे उन्हाळ्यात घराच्या सगळ्या अंगांपैकी सगळ्यात जास्त ऊन खातं ते छत. दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन जवळजवळ पडतच नाही. कोबा दोन-चार पावसाळ्यांनी काळा पडलेला असतो, तो दुपारी साठीच्या आसपास सहज तापतो, गच्चीवर अनवाणी जाऊन बघा म्हणजे कळेल.

आता ती उष्णता खाली यायला वेळ घेते. नुसता ५ इंची स्लॅब असेल तर तीन-साडेतीन तास, वर कोबा धरला तर पाच-सहा तास. म्हणजे दीड-दोन वाजताची उष्णता संध्याकाळी ७-८ ला आतून डोक्यावर उतरते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरतच राहते, गॅस बंद केल्यावरही तवा पोळी भाजत राहतो तसं. पश्चिमेची भिंत अजून उशिरा. ९ इंची विटेला सात-आठ तास लागतात, म्हणजे ४ वाजताचं तिरपं ऊन तुमच्या बेडरूममध्ये येतं रात्री ११-१२ ला, नेमकं झोपायच्या वेळी. तुमची बेडरूम पश्चिमेला आहे का? असणारच, सगळे तिथेच काढतात.

म्हणजे नव्या घरात थर्मल मास आहेच, भरपूर आहे, फक्त त्याला उन्हात ठेवलंय. जुन्या घरात छताला फूटभर माती आहे, तिथे दुपारची लाट खाली पोचेपर्यंत पहाट होते आणि पोचते तेव्हा तिच्यात जीवही उरत नाही.

एक करा, कोणाकडे इन्फ्रारेड गन असेल तर रात्री ९ ला स्लॅबच्या खालच्या बाजूवर मारा आणि आकडा टाका इथे.

भौतिकवाली

छान धागा. नऊइंचींनी छताचं सांगितलंच, मी "धरून ठेवते ते चांगलं का वाईट" याचं थोडं गणित मांडते, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. शाळेत शिकवते त्यामुळे सवय आहे, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा.

तुमची एक खोली १० बाय १३, उंची १० फूट धरूया. साधारण ३६ घनमीटर हवा. हवेचं वजन घनमीटरला १.२ किलो, म्हणजे खोलीतली सगळी हवा मिळून ४३ किलो, आणि ती १ अंशाने तापवायला लागतात ४३ किलोज्यूल. आता चारही भिंतींच्या आतल्या अंगाचे फक्त १० सेंटिमीटर धरा, दारं-खिडक्या वजा करून. ३६ चौरस मीटर गुणिले ०.१, म्हणजे ३.६ घनमीटर वीट, वजन साडेसहा टन. तिला १ अंश चढायला लागतात साडेपाच हजार किलोज्यूल. हवेच्या सव्वाशेपट! यात स्लॅब आणि फरशी अजून धरलेलीच नाही. म्हणून संध्याकाळी अर्धा तास खिडकी उघडून "हवा बदलली" तरी काही होत नाही, हवा बदलते पण खिडकी लावल्यावर पाच-दहा मिनिटांत भिंती तिला परत आपल्या तापमानावर आणतात. खोलीचं तापमान हवा ठरवत नाही, भिंती ठरवतात.

१० सेमीच का धरले? कारण २४ तासांच्या चक्रात उष्णता विटेत साधारण ११-१२ सेमी आत जाईपर्यंत तिचा जोर एक तृतीयांशावर येतो. त्याच्या पलीकडचा भाग रोजच्या चढउतारात फारसा भागच घेत नाही. म्हणजे साठवण म्हणून बघायचं तर आतून ४-५ इंचाच्या पुढची जाडी रोजच्या हिशोबात फुकट. दोन फुटी भिंतीचा फायदा वेगळा आहे, तिथे बाहेरची लाट आत पोचतच नाही. भिंतीचा मधला गाभा आज किती तापलं ते बघत नाही, गेल्या कित्येक दिवसांची सरासरी घेऊन बसलेला असतो.

आणि आता तुमचेच आकडे बघा. बाहेर ४१ आणि २६, ढोबळ सरासरी साडेतेहेतीस. जुनं घर दिवसभर ३१ ते ३२.५ मध्ये. म्हणजे ते घर "गार" नाहीये हो, ते फक्त सरासरीच्या जवळ चिकटून बसलंय! दुपारी ४१ च्या उन्हातून आत आलात की ३२ स्वर्ग वाटतं, रात्री ११ ला त्याच घरात बाहेरपेक्षा गरम आहे, तुम्हीच लिहिलंय. जडपणा चढउतार कमी करतो, सरासरी खाली आणत नाही. सरासरी खाली आणायची तर ऊन अडवा, रात्रीची गार हवा भिंतींना खाऊ द्या, नाहीतर पाणी किंवा जमिनीचा गारवा मदतीला घ्या. जुन्या घरात जमीन ती मदत करतेच, थेट जमिनीवरचं घर आहे आणि खाली सारवण.

रात्रीच्या हवेचा पण हिशोब सांगून टाकते. खोलीतली हवा तासाला एकदा पूर्ण बदलली तर दर अंशाच्या फरकामागे १२ वॅट उष्णता बाहेर जाते. आत-बाहेर ५ अंशांचा फरक धरला तर ६० वॅट, एका जुन्या बल्बएवढी, म्हणजे काहीच नाही. तासाला दहादा बदलली तर ६०० वॅट, आणि ती रात्रभर आठ तास चालली तर भिंती, स्लॅब, फरशी सगळं मिळून दीड-पावणेदोन अंश खाली येऊ शकतं. ऐकायला कमी वाटतं पण हे रोज रात्री झालं तर फरक दिसतो. तासाला दहादा म्हणजे समोरासमोर दोन खिडक्या सताड उघड्या आणि थोडं वारं. एकच खिडकी, त्यात स्लायडिंग म्हणजे अर्धीच उघडते, वर डासांची जाळी, पडदा लावलेला, तर एकदा बदलली तरी नशीब.

बार्शीकडचा

बाप रे, जबरदस्त. दोघांचेही आभार.

इन्फ्रारेड गन मेडिकलवाल्या मित्राची आणली, ती ताप मोजायची होती, ४३ च्या वर एरर दाखवते. 😂 मग वायरमनकडची आणली. रात्री ९ ला स्लॅब खालून ४१, पश्चिमेची भिंत ३८, पूर्वेची ३५, फरशी ३३. जुन्या घरात माळवद खालून ३२, सगळ्या भिंती ३१-३२.

आणि हो, बेडरूम पश्चिमेला आहे. 🙈

अजून एक. अण्णा दुपारभर सगळ्या खिडक्या उघड्या ठेवतात, हवा खेळती पाहिजे म्हणून, आणि रात्री डासांमुळे सगळं बंद. आता वाचून वाटतंय हे बरोब्बर उलटं चाललंय का?

भौतिकवाली

हो, बरोब्बर उलटं. पण अण्णांना एकदम तसं सांगू नका. 😊 दुपारी ४१ ची हवा आत घेतली की ती ३५ च्या भिंतींना तापवते. सकाळी बाहेर आणि आत सारखं झालं की, तुमच्याकडे ८-९ च्या सुमारास होत असेल, खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, पंखा चालू. संध्याकाळी बाहेरचं आतल्यापेक्षा खाली गेलं की सगळं सताड. थर्मामीटर आहेतच तुमच्याकडे, एक बाहेर सावलीत टांगा आणि त्याच्यावर ठरवा, घड्याळावर नको.

४१ चा स्लॅब डोक्यावर म्हणजे हवेचा थर्मामीटर ३६ दाखवत असला तरी अंगाला त्याहून जास्तच वाटणार. अंग हवेशी जेवढी देवाणघेवाण करतं जवळजवळ तेवढीच समोरच्या पृष्ठभागांशी करतं. आणि पंखा तोच स्लॅबखालचा गरम थर खाली ढकलतो, तरीही पंखा लावायचाच, घाम वाळतो त्याने.

चिरेबंदी

हे सगळं तुमच्या घाटावर ठीक आहे, पण कोणी कोकणातला हे वाचून १८ इंची भिंत घालून खिडक्या बंद करून बसला तर गुदमरेल म्हणून लिहितो. माझं रत्नागिरीजवळ जुनं चिऱ्याचं घर आहे. आमच्याकडे मेमध्ये दुपारी ३३-३४ आणि पहाटे २६-२७. फरकच सहा-सात अंशांचा, मुंबईला पण तेच. रात्री भिंतीतून काढून घ्यायला बाहेर गारवाच नाही तर साठवण करून करणार काय? त्यात दमट, घाम वाळायला वारा लागतो म्हणून आमच्याकडे दिवसा पण सगळं उघडंच पाहिजे.

जुन्या लोकांनी चिरा जाड घातला तो भार घ्यायला आणि पावसाच्या झडीला. गारवा खरा छपराचा आहे. उंच उतरतं, कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जाते, छप्पर हलकं असल्यामुळे सूर्य मावळला की तासाभरात निवतं, आणि चारी बाजूंनी पडवी त्यामुळे भिंतीला ऊनच लागत नाही. आता सगळे कौलं काढून स्लॅब घालतायत आणि मग म्हणतात कोकणात पूर्वी एवढं उकडत नव्हतं. उकडत होतं की, डोक्यावर काँक्रीट नव्हतं फक्त.

अजून एक गंमत, मृग लागताना एकदम दमट वारं आलं की आमच्या माजघराच्या फरशीला घाम फुटतो. जड आणि जमिनीला चिकटलेली, ती हवेपेक्षा गार राहिलेली असते, त्यावर बाष्प धरतं. पाहुणे विचारतात पाणी कोणी सांडलं.

वऱ्हाडी पाहुणा

आमच्याकडे उलटा त्रास आहे भाऊ. नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये ४३ तर नेहमीचंच, पण लाट आली की रात्री पण ३०-३१ च्या खाली उतरत नाही. तेव्हा ते रात्री खिडक्या उघडायचं पण फारसं कामाचं नाही, ३० ची हवा आत घेऊन भिंत किती निवणार.

मग कूलर. कूलर बहुतेक लोक दुपारी १२ ला चालू करतात आणि रात्री झोपताना आवाज येतो म्हणून बंद करतात. आम्ही रात्री १० पासून सकाळी ८ पर्यंत चालवतो. कोरड्या हवेत कूलर २४-२५ ची हवा फेकतो, रात्री तर अजून खाली, ती रात्रभर भिंतींवरून फिरली की सकाळी घर गार सुरू होतं आणि दुपारी १-२ वाजेपर्यंत फक्त पंख्यावर निभतं. वाळ्याच्या ताट्या मिळत असतील तर फार उत्तम, प्लास्टिकच्या पॅडला तो वास नाही. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, कोंडून कूलर चालवला की दमट होतं आणि मग लोक म्हणतात कूलर चालत नाही.

पहिला पाऊस पडला की कूलर कोपऱ्यात, तेव्हा काही उपयोग नाही त्याचा.

औसेकर

चुलतभावाच्या १८ इंची भिंतीबद्दल बोलायला आलोय. बाकी सगळं वाचलं, चांगलं चाललंय, पण हे कोणी लिहिलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून घरात झोपलेली. लातूरकडची किल्लारी आणि आसपासची गावं त्या भूकंपात गेली, आठ हजारांच्या आसपास माणसं मेली, आणि त्यातली बहुतेक ज्या भिंती आणि माळवदं तुम्ही कौतुकाने मोजताय त्यांच्याखाली मेली. आमचे पाहुणे पण गेले.

हिशोब तुम्हीच लावा. फूटभर माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलो. ५ इंची स्लॅब तीनशेच्या थोडा वर भरतो, पण तो सळईने बांधलेला. माळवद गळायला लागलं की दर पावसाळ्याआधी लोक वर नवीन माती टाकायचे, जुनी कोण काढतो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वजन वाढतच गेलं. खाली भिंत म्हणजे दोन बाजूंना दगडाचे दोन पडदे आणि मधे मुरूम-माती-चिपा भरलेल्या, दोघांना बांधणारा आरपार दगड कुठे नाही. हादरा बसला की दोन पडदे दोन बाजूंना फुगतात आणि वरचं सगळं खाली. कोपरे आधी सुटतात.

आमच्याकडे अजूनही बरेच जण पत्र्याखाली उकडून घेतील पण माळवदाखाली झोपणार नाहीत. त्यांना वेडं म्हणू नका. तुमच्या जुन्या घरात आई-अण्णा दुपारी पडत असतील तर एकदा इंजिनिअरला दाखवा, भिंतीला कुठे फुगवटा आहे का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, वरची जादा माती उतरवता येईल का. आणि आधीच्या आरसीसीवर १८ इंची भिंतीचा मजला चढवायचा विचार तर डोक्यातूनच काढून टाका, खालच्या कॉलमनी तो भार धरलेलाच नाहीये. उंचावर जडपणा जेवढा जास्त तेवढा भूकंपाचा धक्का जास्त.

नऊइंची

औसेकर, शंभर टक्के. नव्याने दगडी बांधायचंच असेल तर सिमेंटमध्ये, आरपार हेडर दगड टाकून, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली आरसीसीचा पट्टा सगळीकडून फिरवून, आणि तेही तळमजलाच.

रेखाटन

मी आर्किटेक्ट आहे, उशिरा आले धाग्यावर. बार्शीकर, तुमचा कॉन्ट्रॅक्टर आणि चुलतभाऊ दोघंही एकच प्रश्न धरून बसलेत, जड की हलकं. खरा प्रश्न आहे की ती खोली कधी वापरणार?

जुन्या घरातली माणसं उन्हाळ्यात एका जागी राहत नव्हती हो. दुपारी माजघरात, संध्याकाळी ओसरीवर, रात्री अंगणात किंवा माळवदावर बाज टाकून. म्हणजे जड घराला दुपार सांभाळायची होती, रात्री त्यात झोपायचं नव्हतंच कोणाला. तुमचा ११ वाजताचा ३२.५ चा आकडा कोणी पूर्वी अंगावर घेतलाच नाही, ते बाहेर ३१ मध्ये आणि उघड्या आभाळाखाली झोपलेले होते. आपण आता दुपार पण आणि रात्र पण त्याच चार भिंतींत काढतो, वर ग्रिल, जाळी, कुलूप.

म्हणून माझा सल्ला असा की खालचा मजला दिवसाचा करा आणि वरची नवीन खोली रात्रीची. रात्रीच्या खोलीला जड भिंत नकोच आहे, ती संध्याकाळनंतर पटकन निवली पाहिजे. तिथे सिपोरेक्स चालेल, ८ इंची ब्लॉकमधून उष्णता ९ इंची विटेच्या निम्म्याहून कमी येते, वजन विटेच्या एक तृतीयांश, खालच्या कॉलमवर पण भार कमी. पण दुपारी तिथे बसायचं नाही, आणि दोन समोरासमोर खिडक्या पाहिजेत, वाऱ्याच्या दिशेने, उघडणाऱ्या, स्लायडिंग नाही. विटेचंच करायचं असेल तर रॅट ट्रॅप बाँड बघा, विटा उभ्या लावून मधे पोकळी राहते, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुजवला, विटा साधारण पाव भागाने वाचतात. फक्त गवंडी शिकायला तयार पाहिजे, नाहीतर पहिल्या दोन रद्द्यांतच तुमचं भांडण होईल.

आणि यात फुकटचा फायदा म्हणजे वर मजला आला की खालच्या स्लॅबवर ऊन पडणं बंद. तोच स्लॅब जो आता त्रास देतोय तो सावलीत गेला की तुमच्या कामाचा होतो, दुपारी खालच्या खोलीतली उष्णता शोषतो आणि रात्री निवतो. म्हणून खाली पीओपी सीलिंग लावू नका! लावलंत की स्लॅब आणि खोलीची गाठच तुटते. तापलेल्या शेवटच्या मजल्यावर पीओपी थोडं वाचवतं, मधल्या मजल्यावर नुसतं नुकसान.

इन्सुलेशन घालायचं तर नेहमी बाहेरून, स्लॅबच्या वर. ऊन बाहेरच अडलं पाहिजे आणि जड भाग आतल्या बाजूला उघडा राहिला पाहिजे. जुने लोक छतावर मातीची मडकी उलटी मांडून वर चुन्याचा थर द्यायचे ते यासाठीच. आता त्याच जागी एक्सपीएसची (कडक फोमची) शीट टाकून वर स्क्रीड, म्हणजे सिमेंटचा थर, करतात.

तो ३२ अंशांचा मुद्दा राहिला. ३२ म्हणजे वाईट असं समजू नका. भारतातल्या बिनएसीच्या इमारतींसाठी सेप्ट विद्यापीठाच्या अभ्यासातून एक सूत्र आलंय, ते २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये पण आहे. आधीच्या महिन्याभराचं बाहेरचं सरासरी तापमान गुणिले ०.५४ अधिक १२.८३, आणि त्याच्या वरखाली २.३८ अंश. तुमचं ३३ धरलं तर ३०.६ येतं आणि वरची हद्द ३३. म्हणजे जुनं घर त्या हद्दीत आहे, नवीन नाही. माणसाला हवामानाची सवय होते हे त्यात धरलेलं आहे, २४ वर एसी लावणाऱ्यांचा तो हिशोब नाही.

मिरचीभजी

मी एसी २४ वरच लावतो. पण गच्चीला पांढरा रंग या रविवारी देतो, एवढं कळलं. 😄

बार्शीकडचा

काय बोलू, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. औसेकर दादा, जुन्या घराच्या मागच्या भिंतीला फुगवटा आहे, आम्ही तो बघून न बघितल्यासारखं करत होतो. इंजिनिअरला या आठवड्यात बोलावतो, तोवर दुपारची बाज ओसरीवर.

आता लगेच काय करू तेवढं सांगा. वरचा मजला दिवाळीनंतरच होईल, हा उन्हाळा काढायचाय.

नऊइंची

खर्चाच्या क्रमाने सांगतो. उद्याच गच्ची घासून धुवा आणि चुना मारा, दोन हात, थोडा फेविकॉल घालून म्हणजे लगेच हाताला लागणार नाही. काळ्या कोब्याच्या मानाने दहा-पंधरा अंशांनी पृष्ठभाग खाली येतो. पावसात निम्मा जाईल, जाऊ दे, वरचा मजला येईपर्यंत चालवायचाय. धूळ बसली की झाडा, मळकट चुना काही कामाचा नाही. गच्चीवर पाणी मारू नका, पाण्याची टंचाई आहे आणि कोब्याच्या चिरांतून खाली उतरेल.

मग पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हिरवी शेडनेट, भिंतीपासून फूटभर लांब बांबूवर, चिकटवून नाही, मधून हवा वर गेली पाहिजे. पुढच्या वर्षी तिथे शेवगा लावा, भराभर वाढतो. नुसता आतून पडदा लावून फारसं काही होत नाही, ऊन काचेतून आत आलं की आलंच.

आणि डासांसाठी खिडकी बंद करण्यापेक्षा पलंगाला मच्छरदाणी बांधा, खिडकीची जाळी काढा. जाळीत वारा बराच अडतो. रात्री जिन्यावरचं गच्चीचं दार उघडं ठेवता आलं तर फार बरं, गरम हवा वरून निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार ओढली जाते, वारा पडलेला असला तरी. तिथे ग्रिलचं दार बसवून घ्या, चोराचं आणि मांजराचं दोन्ही भागतं.

वऱ्हाडी पाहुणा

आणि कूलर रात्री!

बार्शीकडचा

चुना आणायला निघालोच. रेखाटन ताई, वरच्या खोलीचं कच्चं ड्रॉइंग व्यनि (खासगी निरोप) करतो, वारा आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेकडून येतो आणि ऊन पण तिकडूनच, त्या खिडकीचं काय करायचं ते बघा.

रेखाटन

पाठवा. पश्चिमेला खिडकी ठेवू, लाकडी झडपांची, बाहेरच्या बाजूला उघडणारी. ६ पर्यंत झडपा बंद, नंतर उघड्या. अण्णांना ते काम द्या.